कोणाचा संगणक अधिक वेगवान?

प्रचंड गणिताचे तुकडे करून ते स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांस वांटण्याची रीत १९९९ मध्यें 'सेटी ॲट होम'मुळें जगभर पसरली. मग वेगाचा वाद आलाच! 'बॉइंक' ही प्रणाली दोन कसोट्या लावते: दशांश संख्यांसाठीं व्हेटस्टोन, पूर्णांकांसाठीं ड्रायस्टोन. परंतु केवळ त्यांवर विसंबूं नये. समजा, कुरुंदवाडांतील एक संगणक २ तासांत एकच तुकडा सोडवितो. शेजारचा ३ तास घेतो, पण ४ तुकडे एकदम हातीं घेतो. १२ तासांत पहिल्याचे ६, दुसऱ्याचे १६! मंद संगणकही वाया जात नाहीं. एकच तुकडा पुष्कळदां दोघांकडे देऊन उत्तरें ताडून पाहतात. तेथें अचूकपणा हवा, मुदत पाळली म्हणजे झालें. २०१० मध्यें 'आइन्स्टाइन ॲट होम'नें एक पल्सर हुडकला, तो घरगुती संगणकांवरच. मात्र विजेच्या बिलाविषयीं वडिलांस आधीं विचारावें.