शाळेची परसबाग आणि औषध मुरविलेले लाकूड

वाळवीचा परिचय खेड्यातील मुलांस करून द्यावा लागत नाही. वेलाच्या मांडवाचा खांब पुरला, की काही पावसाळ्यांतच तो जमिनीच्या पातळीशी कुजतो. ओलावा व हवा तेथे एकत्र येतात, म्हणून बुरशीचा हल्ला प्रथम तेथेच होतो. पाठाचा प्रारंभ या निरीक्षणापासून करावा. मुलांनी गावातील चार जुने खांब पाहून ते नेमके कोठे कुजले, याची नोंद आणावी.

लाकूड टिकविण्यासाठी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम् यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण सिद्ध केले. बंद टाकीत लाकूड ठेवून आतील हवा काढतात व नंतर दाबाने हे द्रावण लाकडात मुरवितात. तांबे बुरशीस रोखते, आर्सेनिक किडीस मारते आणि क्रोमियम या दोहोंस लाकडात जखडून ठेवते. तारांच्या खांबांस हा शोध फार उपयोगी पडला.

परंतु आर्सेनिक म्हणजे सोमलातील विष होय. ते पावसाने थोडे थोडे झिरपून लाकडालगतच्या मातीत साठते. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी हे मिश्रण वापरणे थांबविण्यात आले. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांत डांबरापासून काढलेले क्रिओसोट तेल असते. तेही भाजीच्या वाफ्याजवळ नको.

खरा धोका मात्र चुलीत आहे. असे लाकूड जाळल्यास धुरात व राखेत विष उतरते. त्याच राखेने भांडी घासली किंवा ती वाफ्यात टाकली, तर ते मुलांच्या ताटापर्यंत पोहोचते. म्हणून हिरवट छटेचे, डांबराचा वास येणारे किंवा कोठून आले हे ठाऊक नसलेले लाकूड मध्यान्ह भोजनाच्या चुलीत कधीही घालू देऊ नये. छटा काळाने फिकी पडते. केवळ रंगावर विसंबू नये.

वाफ्यांच्या कडेस दगड किंवा विटा लावाव्यात. लातूरकडे वनक्षेत्र अत्यल्प असल्याने काळा दगडच सोयीचा. किनवट-माहूर भागात सागवान मिळाल्यास त्याचा गाभा घ्यावा. बाहेरील पांढरट भाग लवकर किडतो. खांबास जळके काळे ऑईल फासू नये.

बागेत असे खांब पूर्वीच असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. मुलांकडून ते कापवू वा तासवू नयेत. त्यांच्या लगत मुळा-गाजर न लावता फुलझाडे लावावीत. बागकामानंतर हात व भाजी स्वच्छ धुवावी.

पाठाच्या शेवटी एकच प्रश्न विचारावा : “जे लाकूड वाळवी खात नाही, ते चुलीत का घालू नये?” याचे उत्तर मुलाने घरी जाऊन आईस समजावून दिले, तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.