नव्या खेळांवरील अभिप्राय कसे वाचावेत

नवा व्हिडिओ गेम विक्रीस निघाला, कीं त्याच्या नांवापुढें एक अंक येऊन बसतो. कोठें शंभरांपैकीं नव्वद, कोठें दहांपैकीं सात, कोठें नुसते तारे. हा अंक पाहून मुलें घरीं हट्ट धरतात, आणि हाच अंक पाहून वडील मंडळी एक तर पैसे काढून देतात, किंवा हात आंखडता घेतात. कांहीं हजार रुपयांचा, आणि त्यांहूनहि मोलाच्या कित्येक तासांचा निर्णय अशा रीतीनें दोन आंकड्यांवर होतो. हा अंक येतो कोठून, त्याच्या पोटीं काय असतें, आणि त्यावर कितपत विसंबावें, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

मराठी वाचकांस परीक्षणाची चाल नवी नाहीं. 'विविधज्ञानविस्तारा'सारख्या मासिकांच्या काळापासून (तें १८६७ सालीं निघालें) ग्रंथकार आपल्या पुस्तकाची प्रत संपादकांकडे 'अभिप्रायार्थ' धाडीत आले आहेत. संपादकांस सवड असली, तर परीक्षण छापून येई. नसली, तर 'साभार पोच' ह्या मथळ्याखालीं पुस्तकाचें व प्रकाशकाचें नांव तेवढें येई. खेळांच्या व्यवहारांतहि असेंच चालतें. खेळ विक्रीस निघण्यापूर्वीं कांहीं दिवस त्याची प्रत परीक्षकांकडे विनामूल्य जाते, आणि अमुक दिवशीं अमुक वाजण्यापूर्वीं अभिप्राय प्रसिद्ध करावयाचा नाहीं, अशी अट तिच्याबरोबर येते. ही अट मुळांत वाईट नव्हे. ती नसती, तर जो तो पहिला येण्याच्या घाईनें चार तास खेळून चाळीस तासांच्या खेळाचा निकाल लावून मोकळा झाला असता. परंतु प्रत कोणत्या यंत्रावरची द्यावी, किती दिवस अगोदर द्यावी, आणि तींतील काय काय दाखवूं द्यावें, हें सर्व खेळ विकणाराच ठरवितो. अभिप्रायाची निम्मी दोरी त्यामुळें त्याच्याच हातीं राहते.

ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे पोलंड देशांतील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ. तो केवळ प्रौढांसाठीं आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं तो खेळावा असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु त्याच्या परीक्षणांची हकीकत सर्वांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे. हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं विक्रीस आला. त्यापूर्वीं परीक्षकांस जी प्रत मिळाली, ती संगणकावर खेळण्याची होती. शिवाय स्वतः टिपलेलीं चलच्चित्रें परीक्षणाबरोबर दाखविण्यास आरंभीं मनाई होती. कंपनीनें पुरविलेलीं तेवढीं दाखवावयाचीं. उत्तम संगणकावर खेळलेल्या परीक्षकांनीं त्यांतील नगराची व माणसांच्या कथांची स्तुति केली. बारीकसारीक बिघाड बरेच आहेत, असेंहि पुष्कळांनीं नमूद केलें. एकंदर गुण आरंभीं नव्वदीच्या आसपास होते.

मग विक्री झाली. ज्यांच्या घरीं २०१३ सालीं निघालेलीं प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स जातीचीं जुनीं यंत्रें होतीं, त्यांच्यापुढें निराळाच खेळ आला. चित्र अडखळे, वस्तु पुऱ्या उमटतच नसत, आणि ऐन रंगांत सर्वच बंद पडे. बरोबर आठवड्यानें, १७ डिसेंबर रोजीं, सोनी कंपनीनें तो आपल्या ऑनलाइन दुकानांतून काढण्याचें जाहीर केलें आणि गिऱ्हाइकांस पैसे परत देऊं केले. तेथें तो पुन्हां विक्रीस आला जून २०२१ मध्यें.

मग परीक्षक खोटें बोलले काय? आमच्या मतें नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें सांगितलें. पण त्यांनीं पाहिलेली वस्तु एक, आणि गिऱ्हाइकानें घेतलेली वस्तु दुसरी. आपण केवळ संगणकावरची प्रत पाहिली आहे, असें कित्येकांनीं प्रामाणिकपणें लिहिलेंहि होतें. परंतु तें वाक्य लेखाच्या पोटांत, आणि अंक मात्र माथ्यावर! वाचणाऱ्यानें माथा पाहिला आणि पैसे मोजले. ह्या हकीकतीचें पुढचें वळणहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कंपनीनें दुरुस्त्या चालू ठेविल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें खेळाची जवळजवळ नवी मांडणी प्रसिद्ध केली; तेव्हां पूर्वीं रागावलेल्या अनेकांनीं त्याची वाखाणणी केली. पुस्तक छापलें म्हणजे पुढील आवृत्तीपर्यंत तें तसेंच राहतें. आजकालचा खेळ विकला गेल्यावरहि घरबसल्या बदलत असतो. तेव्हां अभिप्रायाखालची तारीख न पाहतां तो वाचणें म्हणजे गेल्या वर्षींच्या वेळापत्रकावर भरंवसा ठेवून स्टेशनावर जाण्यासारखें आहे.

आतां अंकाकडे वळूं. मेटाक्रिटिक नांवाचें एक संकेतस्थळ २००१ सालापासून चालू आहे. तें निरनिराळ्या नियतकालिकांतील परीक्षणांचे गुण गोळा करतें आणि शंभरांपैकीं एक सरासरी काढतें. ही सरासरी साधी नव्हे. कांहीं नियतकालिकांचें वजन अधिक धरलें जातें, कांहींचें कमी, आणि कोणाचें किती तें उघड केलें जात नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस हें चटकन् उमजेल. समजा, प्रगतिपुस्तकांत गणित, भाषा, भूगोल हे रकानेच नाहींत, नुसती बेरीज आहे, आणि कोणता विषय किती गुणांचा धरला तेंहि गुरुजी सांगत नाहींत. अशा प्रगतिपुस्तकावरून मुलगा कशांत कच्चा आहे हें कोणत्या पालकास कळेल? जपानांतील 'फामित्सु' हें नियतकालिक चार परीक्षकांकडून प्रत्येकीं दहा गुण घेतें आणि चाळीसांपैकीं बेरीज छापतें. १९९८ सालीं 'झेल्डा' मालेंतील 'ओकारिना ऑफ टाइम' ह्या खेळास तेथें प्रथमच पुरे चाळीस मिळाले. ह्या पद्धतींत बेरजेशेजारीं चौघांचे अंक वेगवेगळे दिसतात, आणि एकास आवडलेला खेळ दुसऱ्यास नावडला हें झांकलें जात नाहीं. आम्हांस ही पद्धति अधिक सरळ वाटते.

एका गुणानें काय होतें, असें कोणी म्हणेल. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा खेळ २०१० सालीं अमेरिकेंतील ऑब्सिडियन मंडळीनें रचला. मेटाक्रिटिकवर पंचाऐंशी गुण पडले, तर प्रकाशकाकडून जादा रक्कम मिळावयाची होती. पडले चौऱ्याऐंशी. ती रक्कम मिळाली नाहीं, ही गोष्ट मंडळींपैकीं ख्रिस ॲव्हेलोन ह्यांनीं २०१२ मध्यें उघड केली. कोणा परीक्षकानें दहांपैकीं आठ लिहावे कीं साडेआठ, ह्याचा क्षणभर विचार केला असेल. त्या क्षणाशीं अनेक घरच्या मिळकतीचा संबंध आहे, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसेल.

परीक्षकांवर विश्वास नाहीं, म्हणून खेळणाऱ्या सामान्य जनांचेंच मत घ्यावें, असें कित्येक म्हणतात. लोकमत मोलाचें खरें. पण तेंहि पारखूनच घ्यावें लागतें. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग (हाहि प्रौढांचाच खेळ) १९ जून २०२० रोजीं निघाला. खेळ पुरा होण्यास वीस तासांहून अधिक वेळ लागावयाचा, आणि पहिल्या कांहीं तासांतच हजारों लोकांनीं त्यास शून्य गुण देऊन टाकिले! कथेविषयीं अगोदर फुटलेल्या बातम्यांमुळें हा राग होता. पुढच्याच महिन्यांत मेटाक्रिटिकनें नियम केला, कीं खेळ निघाल्यावर छत्तीस तास लोटल्यावांचून कोणा वाचकाचें मत घेतलें जाणार नाहीं. रागावणाऱ्यांस हा नियम जाचक वाटला असेल. आम्हांस तो अगदीं योग्य वाटतो.

अलीकडील खेळांपैकीं अभ्यासास सर्वांत उत्तम असा आम्हांस 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' वाटतो. ऑस्ट्रेलियांतील ॲडिलेड येथील टीम चेरी ह्या अगदीं लहान मंडळीचा हा खेळ. त्यांचा पहिला खेळ 'हॉलो नाइट' २०१७ सालीं निघाला. दुसऱ्याची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्यें झाली, आणि लोकांस साडेसहा वर्षें वाट पाहावी लागली. ४ सप्टेंबर २०२५ रोजीं तो विक्रीस येतांच गर्दीमुळें ऑनलाइन दुकानें कांहीं काळ कोलमडलीं. मोठ्या कंपन्यांचे खेळ सत्तर डॉलरांस विकले जात असतां ह्याची किंमत होती वीस डॉलर. आणि विशेष हें, कीं परीक्षकांस एकहि प्रत अगोदर धाडली नव्हती! ज्यांनीं आरंभीं वर्गणी देऊन मंडळीस उभें केलें त्यांच्या अगोदर परीक्षकांनीं खेळावें हें बरें दिसत नाहीं, असें कारण सांगण्यांत आलें. परिणाम असा झाला, कीं पहिल्या दिवशीं अंकच नव्हता. परीक्षक आणि गिऱ्हाईक एकाच वेळीं खेळूं लागले. कित्येक नियतकालिकांनीं 'अद्याप खेळत आहों' असें सांगून तुकड्यातुकड्यांनीं मत दिलें. जो अंक सहसा आयता मिळे, तो नसल्यामुळें लोकांस कारणें वाचावीं लागलीं.

आणि कारणें वाचण्यासारखींच होतीं. हातानें काढलेलीं चित्रें, ख्रिस्तोफर लार्किन ह्यांचें संगीत, नायिका हॉर्नेट हिच्या हालचालींतील चपळाई, ह्यांविषयीं फारसा मतभेद नव्हता. वाद झाला तो काठिण्याचा. आरंभीं नायिकेपाशीं पांच 'मुखवटे' असतात. ते संपले, कीं ती मरते. पहिल्या खेळांत शत्रूच्या एका फटक्यास बहुधा एक मुखवटा जाई. येथें पुष्कळ ठिकाणीं दोन जातात. म्हणजे तिसऱ्या फटक्यास कारभार आटोपला! शिवाय मेल्यावर मागच्या बाकापासून तीच वाट पुन्हां तुडवीत लढाईच्या जागीं जावें लागतें. एका परीक्षकानें म्हणावें, ह्या कष्टांमुळेंच जिंकण्यास गोडी आहे. दुसऱ्यानें म्हणावें, ही वाट म्हणजे वेळेचा नुसता अपव्यय. दोघांनीं पाहिलेली गोष्ट तीच. ज्या घरीं मुलगा अभ्यासानंतर अर्धा तासच खेळतो, तेथें दुसऱ्याचें म्हणणें अधिक कामाचें. सुट्टींत हट्टास पेटलेल्या मुलास पहिल्याचें पटेल. मंडळीनें स्वतः पहिल्याच दुरुस्तींत आरंभींच्या कांहीं लढायांचें काठिण्य थोडेसें उतरविलें, ह्यावरून तक्रार अगदींच पोकळ नव्हती असें दिसतें.

चिनी भाषेंत खेळणाऱ्यांची तक्रार तर अगदींच वेगळी होती. इतरत्र स्टीम ह्या दुकानावर खेळाची स्तुति चाललेली असतां चिनी वाचकांच्या मतांत प्रतिकूल मतेंच अधिक दिसूं लागलीं. कारण भाषांतर. मूळ इंग्रजीचा साधेपणा सोडून भाषांतरकारांनीं जुन्या वळणाची अवजड भाषा वापरली, आणि ती कृत्रिम व कोठें कोठें दुर्बोध झाली, असें त्यांचें म्हणणें. (जुन्या वळणाचें गद्य लिहिणाऱ्या आम्हांस हें वाचून थोडें अवघडल्यासारखें झालें, हें सांगितलें पाहिजे.) मंडळीनें तक्रार मान्य करून भाषांतर सुधारण्याचें आश्वासन दिलें. सर्व भाषांची मतें एकत्र करून काढलेल्या सरासरींत हा प्रकार कोणासहि दिसला नसता; खेळ तोच, पण चिनी मुलाच्या हातीं पडलेली कथा निराळी होती.

आतां घराजवळचें एक उदाहरण देऊं. पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ रचला. २०१७ सालीं त्यासाठीं लोकवर्गणी मागितली, ती पुरी जमली नाहीं. तरी काम न सोडतां २०२० मध्यें त्यांनीं खेळ बाजारांत आणिला. राजी नांवाची मुलगी असुरांनीं पळविलेल्या आपल्या भावास शोधीत जाते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णु ह्यांच्या संवादांतून उलगडते. राजस्थानी वाड्यांचें व बाली बेटांतील मंदिरांचें वळण, छायाबाहुल्यांसारखीं कथाचित्रें, ह्यांची देशोदेशींच्या परीक्षकांनीं तोंड भरून प्रशंसा केली. लढाई मात्र पुष्कळांस एकसुरी वाटली, आणि कथा ऐन भरांत येतांच संपते, अशीहि तक्रार झाली. त्या वर्षींच्या 'द गेम अवॉर्ड्स' समारंभांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याचें नांव होतें. पारितोषिक दुसऱ्यास गेलें.

आपल्याकडे कांहीं लोक ह्या प्रतिकूल मतांवर चिडले. परदेशीयांस आपल्या पुराणांचें काय कळतें, असा त्यांचा सूर होता. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. एकच वार पुन्हां पुन्हां करावा लागतो, ही तक्रार पुराणें न वाचलेल्यासहि करतां येते, आणि ती खरी कीं खोटी हें खेळून पाहतांच कळतें. मंडळीनें ती मनावर घेतलेली दिसते. २०२२ मध्यें जी सुधारलेली आवृत्ति निघाली, तींत लढाईची रीत सुधारली, आणि पात्रें हिंदींतहि बोलूं लागलीं.

पुढील वार्षिक अंकासाठीं आमच्या विद्यार्थ्यांनीं, पालकांच्या संमतीनें खेळलेल्या एखाद्या खेळाचें दोन पानांचें परीक्षण मराठींत लिहून द्यावें. कोणत्या यंत्रावर, कोणत्या महिन्यांत आणि किती तास खेळलों, हें आरंभींच लिहावें. गुण मात्र देऊं नयेत.