आधी प्रश्न, मग चौकटी

पन्हाळा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तुझा सिस्टीम डिझाइनचा इंटरव्ह्यू आहे, असं ताई म्हणाली. लोड बॅलन्सर, कॅश, क्यू यांची तयार चित्रं तू पाठ करते आहेस, हेही कळलं. बाळा, ते थांबव. मी बऱ्याच मुलाखती घेतल्या आहेत. आल्याआल्या फळ्यावर चौकटी काढायला लागणारी मुलं पुढे अडकतात, कारण ती चौकट तिथे का हवी, हे त्यांना सांगता येत नाही.

सराव करायचा तो रोजच्या वापरातल्या यंत्रणेवर. यूपीआयच घे. पावसाळ्यात इथे गडावर भाजलेल्या कणसांपाशी गर्दी असते आणि रेंज जात-येत असते. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले, पण कणीसवालीचा साउंडबॉक्स बोललाच नाही. आता काय?

इथे आधी विचार, काय चुकलं तर चालेल आणि काय चुकता कामा नये? साउंडबॉक्स उशिरा बोलला तर चालेल. पैसे दोनदा कापले गेले तर चालणार नाही. एवढं ठरलं की पुढचं सुचत जातं. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक हवा. ॲपनं तीच विनंती पुन्हा पाठवली, तर नवा व्यवहार न करता जुन्याचाच निकाल द्यायचा. उत्तर आलं नाही म्हणून व्यवहार फसला असं धरायचं नाही. तो ‘पेंडिंग’ ठेवायचा, गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट दाखवायचं आणि नंतर दोन्हीकडचे हिशेब ताडून बघायचे. अडकलेले पैसे किती दिवसांत परत जायला हवेत, याची मुदतही रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये घालून दिली आहे. असे नियमही डिझाइनचाच भाग असतात.

मग आकडेमोड कर. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. म्हणजे दिवसाला सुमारे ६५ कोटी, सेकंदाला सरासरी साडेसात हजार. गर्दीच्या वेळी याच्या तिप्पट धर. एका डेटाबेसवर हे पेलेल का, हे आता तुझं तुलाच कळेल.

शेवटी, प्रत्येक निवडीची किंमत स्वतःहून सांग. जुन्या व्यवहारांची यादी कॅशमधून दाखवली, तर क्षणभर शिळी असली तरी बिघडत नाही. पैसे कापताना मात्र शिल्लक मूळ खात्यातूनच तपासायची, त्याला थोडा वेळ लागला तरी. असं मोजूनमापून बोलणाऱ्या मुलीला एखादी गोष्ट आली नाही, तरी समोरच्याचा तिच्यावरचा विश्वास ढळत नाही.

रविवारी फोन कर आणि एसटीच्या आरक्षणाची यंत्रणा मला पाऊण तासात मांडून दाखव. एकच सीट दोघांना जाता कामा नये, तिथून सुरुवात कर.

तुझी,
मावशी