चेहऱ्याचा पक्षाघात : आरसा, व्यायाम आणि खेळ

खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे मलप्रभेच्या उगमाचे गाव. सह्याद्रीच्या माथ्यावरील या प्रदेशात पावसाळा दीर्घ असतो. चेहरा अचानक एका बाजूस वाकडा झाल्यास "वारे लागले" असे म्हणण्याचा प्रघात ग्रामीण भागात आहे. आयुर्वेदात चेहऱ्याच्या पक्षाघातास 'अर्दित' ही संज्ञा आहे. त्याचा सर्वांत नेहमी आढळणारा प्रकार चार्ल्स बेल या शल्यविशारदाच्या नावावरून 'बेल्स पाल्सी' म्हणून ओळखला जातो.

विकाराचे स्वरूप

मेंदूतून निघणारी सातवी नस कानाजवळील हाडाच्या अरुंद मार्गातून चेहऱ्याकडे येते. ती सुजली की तेथेच दाबली जाते. मग त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही, डोळा मिटत नाही व चूळ भरताना पाणी गळते. मात्र दोन्ही बाजूंस आठ्या पडत असून केवळ तोंड वाकडे झाले असेल, अथवा हातापायांत दुर्बलता वा बोलण्यात अडखळ असेल, तर मेंदूचा झटका संभवतो. अशा वेळी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस तत्काळ बोलवावे.

उपचार

पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. उघडा राहणारा डोळा कोरडा पडून बुबुळास इजा होते. म्हणून दिवसा थेंब व रात्री मलम घालून पापणी मिटलेली ठेवावी.

व्यायाम व खेळ

भुवई उचलणे, डोळा हलकेच मिटणे, ओठांचा चंबू करणे, मंद स्मित करणे हे व्यायाम आरशासमोर सावकाश करावयाचे असतात. रोजच्या पुनरावृत्तीचा कंटाळा येऊन अनेक जण ते सोडून देतात. येथे डिजिटल खेळ उपयोगी पडतात. मोबाइलचा कॅमेरा भुवया, पापण्या व ओठांच्या कडा टिपतो आणि हालचालीप्रमाणे पडद्यावरील पक्षी उडतो किंवा चेंडू पुढे सरकतो.

परंतु गुणांच्या मोहाने जोर लावणे हितावह नव्हे. नस भरून येताना तंतू चुकीच्या स्नायूंशी जोडले गेल्यास हसताना डोळाही मिटू लागतो. म्हणून मोठ्या हालचालीपेक्षा दोन्ही बाजूंच्या समतोलास गुण देणारा खेळच भौतिकोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने निवडावा. खेळ हा व्यायामाचा सोबती आहे, औषधाचा पर्याय नव्हे. ज्याच्या घरी असा मोबाइल नाही, त्याने खंत करू नये. साधा आरसाही पुरेसा आहे.

विद्यार्थ्यास हा विकार झाल्यास त्याची थट्टा होणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे होतात, हे त्यास व पालकांस आवर्जून सांगावे.