शिजवण्याआधी डोकी मोजा

आमच्या भावकीत कुणाचंही कार्य निघालं की कोठीची किल्ली माझ्या कमरेला येते. तेलाचा पिपा कधी फोडायचा, साखर किती काढायची, आचाऱ्याला तूप मोजून द्यायचं की डबाच हाती द्यायचा, हे सगळं मी बघते. धामणगाव रेल्वेत लग्नाचा अंदाज बांधणं तसं सोपं. लग्नाला येणारा जेवायलाच येतो आणि जेवूनच जातो. लेकराच्या वाढदिवसाचा अंदाज मात्र भल्याभल्या आचाऱ्यांना लागत नाही, कारण पाहुण्यांना नेमकं कशाला बोलावलंय हे यजमानानंच ठरवलेलं नसतं.

पुतण्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस मे महिन्यात होता. व्हॉट्सअॅपवर कार्ड फिरलं: सायंकाळी 6 वाजता, सहकुटुंब सहपरिवार. नाश्ता आहे की जेवण, याचा पत्ता नाही. यादी 300 जणांची. त्यातले अर्धे सहा वाजता केक कापायचा म्हणून आले आणि साडेसातला घरी वरण-भात लावायचा म्हणून निघाले. बडनेरा आणि पुलगावकडचे पाहुणे परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसलेले. त्याच दिवशी गावात दोन लग्नं होती, ती माणसं तोंड दाखवून, पाकीट देऊन गेली. मंगरूळ दस्तगीर अन् अंजनसिंगीकडचे मात्र रात्री नऊला उगवले, तेही चांगले भुकेले.

मी आधीच म्हटलं होतं, दीडशेच्या वर स्वयंपाक लावू नको. पुतण्याचं उत्तर ठरलेलं, "मोठ्याई, कमी पडलं त नाक जाईन आपलं. लोकं काय म्हणतीन?"

मग मसालेभात, पुरी, आलूची भाजी, भरली वांगी, आलूबोंडे, जिलेबी, बासुंदी, मठ्ठा, एवढं तर मांडलंच. शिवाय बिछायतवाल्यानं सुचवलं म्हणून दारातच पाणीपुरी आणि नूडल्सचे स्टॉल. तिथं उभ्या उभ्या पोट भरलेला माणूस आत येऊन मसालेभात कशाला घेईल? माझ्यासमोर एक पाचेक वर्षांचा पोट्टा बसला होता. केकवरचं क्रीमचं फूल त्यानं बोटानं खाल्लं, खालचा पाव तसाच ठेवला. आईनं ताटात दोन पुऱ्या, भाजी, भात, जिलेबी वाढून आणली. त्यानं जिलेबीचं एक वेटोळं मोडून तोंडात टाकलं, ताट खुर्चीखाली सरकवलं आणि फुगेवाल्याकडे पळाला. आईनं दुसऱ्या लेकरासाठी दुसरं ताट आणलं. रात्री खुर्च्या उचलताना प्रत्येक रांगेखाली अशीच ताटं निघाली.

आत कोठीत भाताच्या मोठ्या गंजाला एका कडेला ओंजळभर खड्डा पडला होता, एवढाच काय तो खपला. मे महिन्यातली आपल्याकडची रात्र. सकाळी झाकण काढलं तर भात आंबला होता. कुणीतरी तो गाईंपुढे टाकला, पुण्य म्हणून. शिजलेला भात आणि पोळ्या जनावरानं भरपेट खाल्ल्या तर त्याच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, वेळेवर उपचार झाला नाही तर जनावर दगावतं. आमच्या बोळातली गाय दोन दिवस बसून होती, डॉक्टर बोलवावा लागला.

खरा घोर लावला तो बासुंदीनं. ती रात्रभर बाहेरच होती. सकाळी कुणी तरी पुन्हा उकळली आणि शेजारीपाजारी डबे भरून पाठवले. दुपारपर्यंत तीन घरांतली पोरं ओकायला लागली, एकाला सलाईन लावावं लागलं. उकळलं की सगळं शुद्ध होतं, असं आपण धरून चालतो. दूध-खव्यात वाढणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं विष उकळूनही जात नाही. जंतू मरतात, विष उरतं. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भाताचंही तसंच.

नाकाच्या गोष्टीवर मात्र मला बोलायचंच आहे. ज्या अमरावती जिल्ह्यात आपण राहतो, त्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली गाडगेबाबा जन्मले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोडधोडाचं साधं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, बाबांनी मनावर घेतलं नाही. तेही लेकराचंच कौतुक होतं. त्यांचं नाक गेल्याचं वऱ्हाडात कुणी सांगत नाही. आपण भिंतीवर त्यांची तसबीर लावतो आणि खाली खरकट्याचे ढीग रचतो.

आता कामाचं. कार्डावर "अल्पोपहार, सायंकाळी 6 ते 8" किंवा "भोजन, रात्री 8 पासून" यांपैकी एक काहीतरी स्वच्छ लिहा. दोन्ही ठेवलं तर लोक दोन्ही अर्धं अर्धं खातात. आवतन घरटी एक आहे की चूलबंद, हेही तोंडी सांगा. यात संकोच करू नका, खेड्यावरची माणसं स्वतःहून विचारतात. यादीतल्या नावांपुढे माणसं मोजू नका, लेकरं वेगळी आणि मोठी वेगळी मोजा. दहाच्या आतली दोन लेकरं म्हणजे एक माणूस, आणि तीनच्या आतलं लेकरू आईच्या ताटात. लग्नाची तिथी, परीक्षा, कापूस वेचणीचे दिवस, बाजाराचा दिवस, यातलं काही आडवं येतंय का ते कॅलेंडर उघडून बघा.

माप असं धरते. नाश्त्याला 1 किलो कोरडे पोहे 12 ते 14 जणांना पुरतात. आलूबोंडा मोठ्या माणसाला दोन, लेकराला एक. 1 किलोचा केक नीट कापला तर 16 ते 20 तुकडे पडतात, लेकरांच्या हातात त्याहून मोठा तुकडा देऊच नये. जेवण असेल आणि सोबत पुरी-भाजी असेल, तर मसालेभाताला 1 किलो तांदूळ 10 ते 12 जणांना. 1 किलो कणकेच्या पुऱ्या 40 च्या आसपास होतात. शेतावरचा गडी सहा-सात खातो, शाळेतलं पोर दोन. आलू 1 किलोला 8 ते 10 जण. गोड एकच ठेवा, आणि ते दुधाचं नको. बुंदी किंवा जिलेबी उरली तरी दुसऱ्या दिवशी लेकरं आनंदानं खातात. उन्हाळ्यात बासुंदी, श्रीखंड, रबडी यांच्या वाटेलाच जाऊ नका. पदार्थ एक वाढवला की बाकीच्यांचं माप कमी करायचं असतं. आचारी ते आपणहून करत नाही, त्याला ताटामागे पैसे मिळतात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सगळं एकदम शिजवायचं नाही. शंभराचा अंदाज असेल तर सत्तरचा स्वयंपाक आधी लावायचा, उरलेल्या तिसाचा माल कोठीत कच्चा ठेवायचा. तांदूळ निवडलेला, आलू न चिरलेले, कणीक न भिजवलेली. पहिला गंज अर्धा झाला आणि दारात गर्दी दिसली की दुसरा घाणा लावायचा. मसालेभाताला पाऊण तास लागतो, तेवढ्यात पुऱ्या निघत राहतात. आणि तरी कमी पडलं, तर पाच किलो पोहे, शेंगदाणे, कांदे, सांबार (कोथिंबीर) तयार असू द्या. वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला अर्ध्या तासात पन्नास जणांचे पोहे करता येतात, आणि रात्री नऊला गरम पोह्यांना नाक मुरडणारा पाहुणा मी अजून पाहिला नाही. किराणावाल्याशी आधी बोलून ठेवा. न फोडलेला पिपा, न उघडलेलं पोतं तो परत घेतो. शिजलेलं कुणीच परत घेत नाही.

तरी उरलंच तर घड्याळ बघा. गरम अन्न खाली उतरवल्यावर दोन तासांच्या आत ते कुणाच्या तरी पोटात जायला हवं. त्यासाठी वसतिगृहाला किंवा स्टेशनजवळच्या मजुरांच्या वस्तीत आदल्या दिवशीच विचारून ठेवावं लागतं. रात्री अकरा वाजता फोन केला तर तिथं सगळे जेवून झोपलेले असतात. पाठवायचा तो डबा पाहुण्यांच्या उष्ट्याआधी, वेगळा, झाकून काढा. उरलंसुरलं गरिबाला, असं करू नका.

पुढे धाकट्या लेकीच्या वाढदिवसाला पुतण्यानं स्वतःच कार्डावर "अल्पोपहार" लिहिलं. आलूबोंडे, पोहे, केक आणि मठ्ठा. दुसरा घाणा लावावा लागला, पोह्यांची परात दोनदा भरली, आणि आठ वाजता मांडव रिकामा. बिछायतवाल्याचं बिलही निम्म्यावर आलं. येत्या मोसमात तुमच्याकडे वाढदिवस असेल, तर आचाऱ्याला बोलावण्याआधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा आणि लेकरं किती, मोठी किती, तेवढं लिहून काढा.