कच्च्या मटणाचं सोवळं

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांची, पाच किलो वजनाची पॉमेरियन कुत्री आहे. सासूबाई माळकरी, त्यामुळे स्वयंपाकघरात मटण-अंडं शिजत नाही. आजवर कुत्री दूध-भाकरीवरच वाढली. पुण्याहून आलेले भाऊजी म्हणतात, कुत्रा हा लांडग्याच्या वंशातला, त्याला कच्चं मांसच द्यावं. शिजवायचा प्रश्नच नाही म्हणून मलाही ते सोयीचं वाटलं. लहान कुत्र्याला कच्चं मांस किती आणि कसं द्यावं? घरात दोन वर्षांची मुलगी आहे.
— एक वाचक, करकंब (ता. पंढरपूर)

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण उत्तर त्यावरच ठरतं. घरात दोन वर्षांचं मूल आहे तोवर कुत्रीला कच्चं मांस देऊ नका. मांस जरूर द्या, पण शिजवून.

कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू असू शकतात. धडधाकट कुत्रीला त्यांचा त्रास बहुधा जाणवत नाही. ती खेळत-बागडत राहते आणि जंतू मात्र तिच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतात. तिनं चाटून पुसलेली ताटली पडवीत असते. लेक खेळता खेळता ताटलीला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना हे जंतू जड जातात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं 2012 मध्ये कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली, ती कुत्र्यांइतकीच माणसांच्याही काळजीपोटी.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. मेंढ्या-बकऱ्यांच्या काळजावर किंवा फुफ्फुसावर कधी कधी पांढुरके, पाण्यानं भरलेले फोड दिसतात. काही वाटाण्याएवढे, काही लिंबाएवढे. ते हायडॅटिड रोगाचे असू शकतात. असा तुकडा कुत्र्यानं कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. कुत्रं आजारी दिसत नाही. पण कृमींची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हातातून माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. म्हणून खाटकाकडून फुकट मिळालेली कलेजी-फोपसं कुत्र्यापुढं कच्ची टाकू नयेत, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

आता भाऊजींचा मुद्दा. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर लांडगे आजही आहेत. लांडगा शिकार खातो तेव्हा मांसाबरोबर हाडं, आतडी, कातडी सगळं पोटात जातं. नुसता खिमा म्हणजे ती शिकार नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असतं. नुसत्या मांसावर ठेवलेल्या पिलाची हाडं ठिसूळ होतात, उडी मारतानाही मोडतात. शिवाय कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगलेला प्राणी आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, तर कुत्र्यात 4 ते 30. तुमच्या कुत्रीला ज्वारीची भाकरी पचते ती यामुळेच. अर्थात दूध-भाकरीत तिला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत, म्हणून मांस सुरू करण्याचा तुमचा विचार योग्यच आहे.

पाच किलोच्या घरगुती कुत्रीला दिवसाला साधारण 330 ते 370 किलोकॅलरी लागतात. त्यासाठी 130 ग्रॅम बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन, वाटीभर मऊ भात किंवा तेवढीच कुस्करलेली भाकरी, दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा आणि चहाचा एक चमचा तेल. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी बारीक करावीत आणि रोज चहाचा पाव चमचा पूड घालावी. टरफलंही घरात नको असतील तर पशुवैद्य कॅल्शियम कार्बोनेट देतील. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांची उणीव तरीही राहते, त्यासाठीचं औषध त्यांच्याकडूनच घ्या. हा सगळा आहार एकदम बदलू नका. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या. तेलकट, चरबीचं मटण टाळा, लहान कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला त्यानं सूज येऊ शकते. शिजवलेलं हाड कधीच देऊ नका, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात.

ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस नाही आणि तरी कच्चंच द्यायचं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. काळीज-फुफ्फुस वर्ज्य. फ्रीजरमध्ये गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. वीज गेली आणि मांस सुटलं की पुन्हा वाढतात. म्हणून एका वेळेपुरतंच आणा आणि वीस मिनिटांत उरलेलं उचलून टाका. पट्टकृमींवरचं औषध दर सहा आठवड्यांनी, पशुवैद्यांना विचारून द्या. वर्षाच्या आतल्या पिलाला कच्चं नकोच.

पंढरपूर तालुका द्राक्षांचा, म्हणून हेही सांगते : द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. 2021 पासून संशोधकांचा रोख त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे. तेच आम्ल चिंचेत असतं. दोन्ही तिच्या तोंडाला लागू देऊ नका.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. परसात एक चूल मांडा. एक पातेलं, एक सुरी, एक पाट आणि कुत्रीची ताटली, एवढं सामान तिथंच धुवायचं आणि तिथंच ठेवायचं. मांसाला हात लागला की साबणानं धुतल्याशिवाय ना लेकीला घ्यायचं, ना उंबरठा ओलांडायचा. सासूबाई आजवर जे सोवळं पाळत आल्या, तेच नेमानं पाळलंत की नातीचंही रक्षण होईल. त्यांना हे समजावून सांगा, परसातल्या चुलीला त्या नाही म्हणणार नाहीत.