फोटो एडिटिंग : क्लास न लावता शिकता येईल?

कराडच्या एका वाचक भगिनींना संगणकावर फोटो एडिटिंग शिकायचं आहे. क्लास लावणं शक्य नाही. सुरुवात कुठून करावी, असं त्या विचारतात.

क्लासवाचून काही अडत नाही. १९९० साली आलेलं फोटोशॉप आता वर्गणी भरून वापरावं लागतं, म्हणून नवशिक्याने आधी ‘गिंप’ घ्यावं. बर्कलीतल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५मध्ये त्याचं काम सुरू केलं. ते आजही पूर्णपणे मोफत आहे.

सरावासाठी कराडजवळची आगाशिवची लेणी उत्तम. आतून बाहेरच्या दिशेने टिपलेल्या फोटोत भिंती काळ्याठिक्कर येतात, आभाळ पांढरंफटक. गिंपमधलं ‘लेव्हल्स’ उघडलं की ० ते २५५ असा आलेख दिसतो : डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. आलेखाखालचा मधला त्रिकोण डावीकडे सरकवताच भिंतीचा खडबडीत दगड दिसू लागतो. शिकणाऱ्याला खरा आनंद इथेच मिळतो! आभाळ मात्र २५५ला टेकलं असेल, तर तिथे परत आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ते टाळण्यासाठी फोटो काढतानाच एक्स्पोजर कमी ठेवावं लागतं.

मूळ लेयरची प्रत काढून त्या प्रतीवरच काम करावं. काम अर्धवट असताना फाइल गिंपच्या ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जपावी, कारण जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यास तपशील झिजतो.

घरातले जुने फोटो त्यानंतर हाती घ्यावेत. ते ६०० डीपीआयला स्कॅन करून, ‘हील’ टूलने आधी पार्श्वभूमीवरचे ओरखडे काढावेत. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तशाच राहू द्याव्यात. आजीची ओळख त्यांतच असते.